राज्य केवढं असावं? आंबडव्याच्या बाबासाहेबांनी 1955 सालीच मांडलं होतं

आंजर्ले : जिल्ह्याच्या कामाला रत्नागिरी गाठायची म्हटली की दापोली-मंडणगडकडच्या माणसाचा अख्खा दिवस मोडतो. साहेब जागेवर नसले तर दुसराही. त्यामुळे राज्य, जिल्हा केवढा असावा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. त्यावर आयुष्यभर विचार केलेला माणूस आपल्याच शेजारचा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. जन्म 14 एप्रिल 1891, महूच्या छावणीत. वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोली कॅम्पात राहिलं, मग साताऱ्याला गेलं. पत्नी रमाबाई तर दापोलीजवळच्या वणंदच्या.

घटना लिहिणारे बाबासाहेब सगळ्यांना ठाऊक. प्रांतांचा अभ्यास करणारे तेवढे नाहीत. 1913 साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. डॉक्टरेटला विषय घेतला ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या पैशाचा. 1833 नंतर तिजोरी सगळी वरच्या सरकारच्या हातात, प्रांताने नुसतं तोंडाकडं बघायचं. 1871 पासून प्रांतांना ठराविक रक्कम मिळू लागली, तिथून पुढचा सगळा हिशेब त्यांनी मांडला. 1925 साली त्याचं पुस्तक निघालं. ते शिकत होते त्या अमेरिकेत तेव्हा 48 राज्यं होती. त्यातलं ऱ्होड आयलंड आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही लहान, तरी स्वतःचं विधिमंडळ राखून आहे!

1937 साली मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही. कोकणातली खोती गेली ती 1949 च्या कायद्याने.

1948 मध्ये भाषावार प्रांतांच्या आयोगापुढं त्यांनी मुंबईसह एकच महाराष्ट्र मागितला. 1955 ला मात्र वेगळं लिहिलं. एका राज्यात भाषा एकच असावी, पण एका भाषेची राज्यं अनेक असायला हरकत नाही. मराठीची चार : मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. आपली रत्नागिरी पुणे-कोल्हापूरबरोबर पश्चिमेत. कारण सरळ होतं. राज्य जेवढं मोठं, तेवढं बहुसंख्य जातीचं ओझं लहान समाजावर जास्त. चार तुकडे मला स्वतःला पटत नाहीत, पण हे कारण खोडता येत नाही. मत बदललं ते त्यांनी उघड बदललं, हेही खरं. पुढं त्यांचाच शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत आला.

त्याच पुस्तकात बिहारचे दोन भाग सुचवले होते, राजधान्या पाटणा आणि रांची. मध्य प्रदेशचेही दोन, उत्तर प्रदेशचे तीन.

1 नोव्हेंबर 1956 ला गुजराती-मराठी मिळून द्विभाषिक मुंबई राज्य झालं आणि 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. महाराष्ट्र 1960 साली झाला. सिंधुदुर्ग 1981 ला रत्नागिरीतून निघाला. झारखंड व्हायला 2000 साल उजाडलं. राजधानी रांचीच.