वेशी ओलांडणारा कुर्बान : हुतात्मा अब्दुल रसूल कुर्बान हुसेन

सोलापुरात माणसाची ओळख आधी पेठेने होते. आडनावाची पाळी त्यानंतर येते. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, बेगम पेठ, साखर पेठ, दाजी पेठ, भवानी पेठ, उत्तर कसबा, दक्षिण कसबा; पत्ता सांगितला की ऐकणारा मनात अंदाज बांधतो. हा माणूस कोणत्या समाजाचा, घरात मराठी बोलतो की कन्नड, तेलुगू की दखनी, हे त्याला पेठेवरूनच कळल्यासारखे वाटते.

या नावांमागे शहराचा इतिहास आहे. विजापूर वेस विजापूरच्या वाटेवर, तुळजापूर वेस तुळजापूरच्या वाटेवर. कुंभार वेशीपाशी कुंभारांची वस्ती. लष्कर आणि सदर बाजार ही इंग्रजी छावणीची खूण. मुरारजी पेठेला नाव मिळाले ते जुनी गिरणी उभारणाऱ्या मुरारजी गोकुळदासांचे. सेटलमेंट हे नाव तर तारेच्या कुंपणाचीच आठवण आहे. इंग्रज सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तिथे हजेरी घेऊन कोंडले होते. खुद्द सोलापूर या नावाविषयीही दोन मते आहेत. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या सोन्नलगीपासून पुढे सोनलपूर, संदलपूर आणि मग सोलापूर झाले, असे शिलालेखांच्या आधारे सांगतात. जुन्या समजुतीनुसार मात्र आदिलपूर, अहमदपूर, फत्तेपूर, सोनापूर अशा सोळा गावांचे मिळून हे शहर झाले.

अशा शहरात, गिरण्यांचा भोंगा दिवसाची वेळ ठरवत होता त्या काळात, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हा तरुण वाढला. घर गरिबीचे. पोट गिरणीवर. लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी गिरणी यांच्या खात्यांत तेव्हा शहराच्या सगळ्या पेठांतले हात एकत्र येत. तेलुगू पद्मशाली, लिंगायत, मराठा, दलित, मुसलमान. साच्यावर उभे राहिल्यावर सगळ्यांना पगार कमी आणि पाळी लांब. संध्याकाळी भोंगा झाला की मात्र जो तो आपापल्या वेशीच्या आत जाई. १९२० नंतरच्या दशकात देशातल्या इतर शहरांप्रमाणे सोलापुरातही हिंदू-मुसलमानांत तेढ वाढली होती. गिरणीत शेजारी उभी राहणारी माणसे मिरवणुकीच्या दिवशी एकमेकांकडे संशयाने पाहत.

कुर्बान हुसेन यांचे काम इथून सुरू झाले. ते गिरणी कामगारांत वावरत, त्यांच्या सभांत बोलत. पत्रकारितेतही त्यांनी पाऊल टाकले आणि एक छोटे पत्र चालवले. कामगारांची पिळवणूक, परकी राज्य आणि हिंदू-मुसलमानांचे भांडण हे तीन वेगळे प्रश्न नाहीत, अशी त्यांची मांडणी होती. आपल्या समाजाने स्वातंत्र्याच्या चळवळीपासून दूर राहू नये, हे ते मुसलमानांना सांगत. आणि मुसलमान या मातीतलाच आहे, हे इतरांना. वय विशीच्या आसपास. पण सभेत उभे राहिले की सगळ्या पेठांतली माणसे ऐकायला थांबत.

१९३० साल उजाडले. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या सोलापूर नगरपालिकेने ६ एप्रिल रोजी आपल्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा फडकवला. दांडीला महात्मा गांधींनी मीठ उचलले तो हाच दिवस. पाणीपट्टी घेणारी, दिवाबत्ती पाहणारी नगरपालिका सरकारच्या नाकावर टिच्चून झेंडा लावते, ही गोष्ट देशात नवी होती. सोलापूर आजही ती अभिमानाने सांगते.

५ मे रोजी गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली. गिरण्या बंद पडल्या. मिरवणुका निघू लागल्या. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडून सत्याग्रह झाला. पोलिसांनी धरपकड केली, जमाव अडून बसला आणि गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. मल्लप्पा धनशेट्टी यांनी चिडलेल्या लोकांना आवरण्याचा प्रयत्न केला, पण संताप आवरेना. मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर जमाव चालून गेला. त्या धुमश्चक्रीत पोलीस शिपाई मारले गेले, न्यायालयाची इमारत जळाली.

त्यानंतरच्या चार दिवसांत शहरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. पोलीस मागे हटले होते. काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकांत रहदारी सांभाळत होते, पेठांत रात्रीचा पहारा देत होते. याच दिवसांत बकरी ईद आली. पोलीस नसलेल्या शहरात, शेजारच्या पेठेतला माणूस आपले रक्षण करील या भरवशावर लोक घराबाहेर पडत होते. कुर्बान हुसेन ज्यासाठी बोलत आले होते, ते त्या चार दिवसांत शहराने करून दाखवले.

१२ मे च्या रात्री मार्शल लॉ पुकारला गेला. लष्कर शहरात शिरले. राष्ट्रीय झेंडा लावणे गुन्हा ठरले. गांधी टोपी घालून रस्त्यावर येणाऱ्यांना मार खावा लागला. ३० जूनपर्यंत हा अंमल चालला. सोलापूरकरांच्या बोलण्यात मार्शल लॉ हे शब्द आजही त्या एकाच उन्हाळ्यासाठी वापरले जातात.

शिपायांच्या मृत्यूबद्दल आणि जाळपोळीबद्दल कोणाला तरी शिक्षा व्हायलाच हवी होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांवर खटला चालला. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. चौघांनाही फाशीची शिक्षा झाली. अपील झाले, तेही फेटाळले गेले. हे चौघे त्या हत्येत नव्हते, लोकांना जागे केले हाच त्यांचा गुन्हा होता, ही शहराची भावना तेव्हाही होती आणि पुढेही तीच राहिली.

१२ जानेवारी १९३१, सोमवार. शब-ए-बरात होऊन आठवडा झाला होता आणि रमजानला आठवडा उरला होता. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, नंदीध्वज, मकर संक्रांत. पुण्याच्या येरवडा तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली. महात्मा गांधी तेव्हा त्याच तुरुंगात कैदेत होते. त्यांची सुटका दोन आठवड्यांनी झाली. लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरलेली होती आणि हिंदुस्थानला किती अधिकार द्यावेत याची चर्चा चालू होती.

त्या वर्षी सोलापुरात रमजानचा चांद दिसला तेव्हा एका घरातला तरुण मुलगा सहरीला उठणार नव्हता. यात्रेहून परतलेल्या तीन घरांतही तेच दुःख होते. कुर्बान या नावाचा अर्थ मुसलमान घरात लहान मुलालाही माहीत असतो. तो अर्थ त्यानंतर साऱ्या शहराला ठाऊक झाला.

स्वातंत्र्यानंतर शहराने चौघांचे पुतळे उभारले. चौकाला नाव पडले चार पुतळा. नाट्यगृह झाले ते हुतात्मा स्मृती मंदिर. सोलापूरहून पुण्याला जाणाऱ्या गाडीलाही हुतात्मा एक्स्प्रेस म्हणतात. ज्या शहरातल्या तुरुंगात ते चौघे गेले, त्याच शहराकडे ती रोज धावते. या नावांचे वैशिष्ट्य असे की त्यांत चौघांना वेगळे काढता येत नाही. रिक्षावाल्याला चार पुतळा म्हटले की पुरे. कोणाचा पुतळा, असे तो विचारत नाही.

मधल्या काळात शहराच्या हद्दी खूप बदलल्या. १९६४ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. १९९२ च्या हद्दवाढीत बाळे, केगाव, सोरेगाव, शेळगी, कुमठे, मजरेवाडी ही गावे शहरात आली. वॉर्डांचे प्रभाग झाले. २०१७ च्या निवडणुकीत २६ प्रभाग आणि १०२ नगरसेवक होते. प्रभागाला पेठेसारखे नाव नाही, आकडा आहे. नवी रचना जाहीर झाली की नकाशे पसरले जातात. रेघ कोणत्या गल्लीतून गेली, कोणत्या समाजाची किती मते अलीकडे आली आणि किती पलीकडे गेली, याचे हिशेब रात्री उशिरापर्यंत चालतात. एकाच मोहल्ल्याचे दोन तुकडे होतात, हरकती घेतल्या जातात, सुनावण्या होतात.

त्यात गैर काही नाही. प्रतिनिधी निवडायचा तर हद्द आखावीच लागते, आणि नळाला पाणी का येत नाही हे विचारायला आपला नगरसेवक कोण, हे माहीत असावे लागते. मात्र रेघ फक्त कारभारापुरती आहे, हे विसरले की १९२० नंतरचे दशक पुन्हा दाराशी येते. कुर्बान हुसेन यांना लाभलेले आयुष्य जेमतेम विशीपर्यंतचे. तेवढ्यात त्यांनी पगाराचा, भुकेचा आणि गुलामीचा प्रश्न पेठ पाहून येत नाही, एवढी एक गोष्ट गिरणीच्या दारात उभे राहून सांगितली आणि त्यासाठी जीव दिला.

दरवर्षी १२ जानेवारीला चार पुतळ्यांना हार घातले जातात. शहर तेव्हा यात्रेच्या गडबडीत असते. रमजानचा महिना दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे कधीकधी तो आणि ही तारीख जवळ येतात, कधी दूर जातात. इफ्तारनंतर विजापूर वेशीतल्या गर्दीतून फिरताना बाजूच्या पेठेतली माणसेही खजूर, शीरखुर्म्याच्या शेवया घ्यायला आलेली दिसतात. कोण कोणत्या प्रभागाचा मतदार आहे, हे तिथे कोणी विचारत नाही.