उलटं फिरणारं घड्याळ

क्लाऊड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल आणि सर्टिफिकेशनची ती जाडजूड पुस्तकं! चांगलं क्लाऊड आर्किटेक्चर कसं असावं, याच्या गाइडलाइन्स या कंपन्यांनी काढल्या आहेत. अ‍ॅमेझॉनचे सहा खांब तर आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ आहेत: ऑपरेशन्स, सिक्युरिटी, रिलायबिलिटी, परफॉर्मन्स, खर्च आणि २०२१ मध्ये जोडलेला सहावा, सस्टेनेबिलिटी. पण एखादा नियम का आहे, असं व्हायवात विचारलं की वर्गात शांतता!

या का-ची बरीच उत्तरं एका बाईंच्या आयुष्यात सापडतात. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये भाड्याने सर्व्हर द्यायला सुरुवात केली, त्याच्या १४ वर्षं आधीच त्या गेल्या होत्या. त्यांचं नाव रिअर अ‍ॅडमिरल ग्रेस हॉपर.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांची असताना छोट्या ग्रेसला घरातलं गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते बघायचं होतं. तिने ते उघडलं, पण परत जोडता येईना. मग ते समजून घ्यायला दुसरं उघडलं, मग तिसरं... आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळं खोलून झाली होती! पण आईने ओरडून गप्प बसवलं नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, एवढंच ठरवून दिलं.

पुढे ग्रेसनी व्हासार कॉलेजमधून गणित आणि फिजिक्स घेऊन पदवी मिळवली आणि १९३४ मध्ये येल युनिव्हर्सिटीतून गणितात पीएच.डी. केली. व्हासारमध्येच त्या प्राध्यापक झाल्या. नोकरी छान चालली होती, पण दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि त्यांनी नौदलात जायचं ठरवलं. नियमाप्रमाणे वय जास्त आणि वजन कमी. तरी खास परवानगी काढून डिसेंबर १९४३ मध्ये त्या भरती झाल्याच. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली हार्वर्डच्या मार्क वन या ५१ फूट लांब कॉम्प्युटरवर.

१९४७ सालची पतंगाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मार्क टू मशीनच्या रिलेमध्ये एक पतंग अडकला होता. बग हा शब्द इंजिनिअर लोक त्याआधीपासून वापरत होते आणि पतंग काही ग्रेसनी स्वतः पकडला नव्हता. पण त्यांच्या टीमने काय केलं बघा. पतंग फेकून न देता तो लॉगबुकात वेळेसकट नोंदवून चिकटपट्टीने चिकटवला. बिघाड झाला की आधी नोंद करायची! आज आपण क्लाऊडवर लॉगिंग आणि मॉनिटरिंग लावतो, त्यामागेही हाच विचार आहे.

१९४९ मध्ये त्या एकर्ट आणि मॉकली यांच्या कंपनीत आल्या. तेव्हा प्रोग्रॅमर मंडळी जुने, चाललेले कोडचे तुकडे वहीत लिहून ठेवायची आणि नव्या प्रोग्रॅममध्ये हाताने उतरवायची. उतरवताना चुका ठरलेल्या! ग्रेसना वाटलं, माणूस नक्कल करण्यात कच्चा आहे आणि मशीन पक्कं आहे, मग हे काम मशीनलाच का देऊ नये? १९५२ मध्ये त्यांनी ए-झीरो हा कंपायलर तयार केला. टेपवरचे तुकडे तो स्वतः शोधून जोडायचा. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम तयार करू शकत नाही, अशी तेव्हा बहुतेकांची समजूत होती. त्यामुळे चालता कंपायलर समोर असूनही लोक विश्वास ठेवेनात!

क्लाऊडमध्ये सर्व्हर स्क्रीनवर क्लिक करून बनवू नका, त्याचं टेम्प्लेट लिहा, असं गाइडलाइन्स सांगतात. कारण तेच. हाताने दहा सर्व्हर बनवले तर त्यातला एखादा वेगळा निघतोच.

यानंतर त्यांनी इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहिता येणारी फ्लो-मॅटिक ही भाषा आणली. १९५९ मध्ये कोबोल ठरवताना फ्लो-मॅटिकचा मोठा आधार घेतला गेला आणि ग्रेस त्या कामात सल्लागार होत्या. डिसेंबर १९६० मध्ये जवळपास एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला गेला. एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घेऊ नका, हा आजचा सल्ला तेव्हा प्रत्यक्षात आला होता.

१९६६ अखेर नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने १९ वर्षं चालले! नौदलात प्रत्येक ठिकाणचं कोबोल थोडं वेगळं झालं होतं. कंपायलर खरंच स्टँडर्डप्रमाणे आहे का, हे तपासणारे प्रोग्रॅम त्यांच्या टीमने लिहिले. नियम नुसता कागदावर ठेवला नाही, त्याची टेस्टही ठेवली.

भाषणांत त्या सुमारे ३० सेंटिमीटरचे वायरचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात प्रकाश तेवढाच जातो. सॅटेलाइटवरून मेसेज यायला वेळ का लागतो, हे अ‍ॅडमिरल लोकांनाही त्यातून कळायचं. आपणच गणित करून पाहू. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा साधारण १३,००० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद, म्हणजे १३ कोटी नॅनोसेकंद! सर्व्हर कितीही महागाचा घ्या, हे अंतर कमी होत नाही. म्हणून युजरच्या जवळचा रीजन निवडायचा.

आणखी एक उदाहरण त्या द्यायच्या. एका बैलाला ओंडका ओढवला नाही तर लोक बैल मोठा करत बसत नाहीत, दुसरा बैल जुंपतात. एका राक्षसी मशीनऐवजी अनेक छोटी मशीन जोडा, हे त्या क्लाऊडच्या कितीतरी आधी सांगत होत्या.

आता ते घड्याळ. ग्रेस यांच्या ऑफिसमधल्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे उलटे फिरायचे. सवय झाली की त्यावरही वेळ बरोबर वाचता यायची. आयुष्यभर स्टँडर्डसाठी भांडलेल्या बाईंनी असं घड्याळ का लावावं? कारण आजवर असंच करत आलो, या उत्तराची त्यांना चीड होती. नियम हवा, पण त्याचं कारण जिवंत आहे तोवर.

याचा पुरावा त्यांच्या मृत्यूनंतर मिळाला. मेमरी महाग होती तेव्हा वर्षाचे दोनच आकडे साठवणं शहाणपणाचं होतं. मेमरी स्वस्त झाली, सवय तशीच राहिली, आणि २००० साल जवळ आल्यावर जगभर जुने कोबोल प्रोग्रॅम तपासत बसावं लागलं. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांना त्यातून भरपूर काम मिळालं, ही गोष्ट वेगळी!

१९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, ग्रेस नौदलातून कायमच्या निवृत्त झाल्या, तरी डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून काम करत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये त्यांना अमेरिकेचं प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मरणोत्तर देण्यात आलं. २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या नव्या चिप डिझाइनला हॉपर नाव दिलं आणि त्या चिप क्लाऊडच्या डेटा सेंटर्समध्ये बसल्या.

तर दोस्तांनो, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सहा खांबांची चेकलिस्ट जरूर जोडा. पण प्रत्येक टिकमार्कसमोर एक ओळ लिहा, हे आपण का केलं? दोन रीजन का, ऑटो-स्केलिंग का, बॅकअप रोजच का? जिथे ओळ सुचणार नाही, तिथे घड्याळ अजून उघडायचं बाकी आहे असं समजा, आणि उघडा!