लक्ष्मणरावांची सायकल

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रयोग हमखास असतो. स्टँडवर चढवलेली सायकल, मागच्या चाकाला पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला छोटी मोटर आणि पॅडल मारले की पेटणारा दिवा. अंजनगाव सुर्जीसारख्या गावात पानपिंपळीच्या मळ्याला पाणी कधी द्यायचे हे विजेच्या वेळापत्रकावर ठरते. तिथे हा दिवा पाहून पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, की मग घरची वीज अशीच का करू नये? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना एका माणसाचे चरित्र फार उपयोगी पडते. त्याने धंद्याची सुरुवात सायकलींपासून केली आणि हातापायांच्या ताकदीचे काम यंत्रावर कसे सोपवायचे हे महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला दाखवून दिले. ते म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन फारसे रमले नाही. ओढ दोनच गोष्टींची होती, चित्रांची आणि यंत्रांची. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण दोन वर्षांत ध्यानात आले, की काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत. त्यांना अंशतः रंगांधळेपणा होता. चित्रकार होण्याचा रस्ता तिथेच बंद झाला.

डॉक्टर म्हणून इथे जरा थांबावेसे वाटते. रंगांधळेपणा या शब्दाने गैरसमज होतो. अशा माणसाची नजर अधू नसते आणि त्याला जग काळेपांढरेही दिसत नाही. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी एका प्रकारात जन्मतः दोष असला, की बहुतेकांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला ते गुणसूत्र आईकडून मिळते. आईला स्वतःला त्रास नसतो, मुलाला होतो. वेगवेगळ्या समाजांत शंभर पुरुषांमागे साधारण तीन ते आठ जणांना हा दोष असतो, स्त्रियांत शंभरात एकीलाही नसतो. तो वाढत नाही आणि त्यावर औषधही नाही. ठिपक्यांच्या आकड्यांचे जे पुस्तक आज आम्ही तपासणीसाठी वापरतो, ते जपानी डॉक्टर इशिहारा यांनी १९१७ मध्ये तयार केले. लक्ष्मणरावांच्या विद्यार्थिदशेत ते नव्हतेच. त्यांना आपला दोष रंगाच्या पेटीसमोर बसूनच कळला.

रंग गेले तरी रेघ हातात होती. यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाहीत, माप लागते. लक्ष्मणराव यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. संस्थेच्या कर्मशाळेत यंत्रे खोलायची, जोडायची, परदेशी तांत्रिक मासिके वाचायची, हा त्यांचा छंद होता.

याच काळात मुंबईच्या रस्त्यांवर सायकल दिसू लागली होती. लक्ष्मणरावांना तिचे वेड लागले. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि वडील बंधू रामूअण्णा त्या विकायचे, दुरुस्त करायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

सायकल हे यंत्र शरीरशास्त्राच्या दृष्टीने मोठे हुशार आहे. शरीरातले सर्वांत ताकदवान स्नायू मांडीचे आणि नितंबाचे. सायकल नेमके त्यांनाच कामाला लावते, अंगाचा भार खोगिरावर घेते आणि पायांची ताकद फारशी वाया न घालवता चाकापर्यंत पोचवते. लक्ष्मणरावांच्या कारखान्यातून निघालेले पहिले यंत्र मात्र हाताने फिरवायचे होते, कडबा कापण्याचे. वऱ्हाडात आजही गोठ्यात दिसणाऱ्या कुट्टीच्या यंत्राचेच ते भावंड. अशा यंत्राचे जड चाक एकदा फिरू लागले, की हाताचा झटका साठवून ठेवते आणि पात्याला सारखी ताकद देते. प्रदर्शनातल्या सायकलीला जड चाक लावले तर दिवा लुकलुकायचा थांबतो, तो याच कारणाने.

१९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला. लाकडी नांगरापेक्षा तो खोल जायचा. पण लोखंडाने जमिनीला विष चढते अशी समजूत होती. पहिले थोडे नांगर खपायलाच दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी वाद घालण्यापेक्षा नांगर शेतात चालवून दाखवण्यावर भर दिला, शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या आणि नांगर सुधारत नेला.

धंद्याचा जम बसतो तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. हे तेच बाळासाहेब, ज्यांनी सूर्यनमस्काराचा घरोघर प्रसार केला. ते स्वतः चित्रकारही होते. चित्रकला सोडावी लागलेल्या माणसाला एका चित्रकार राजाने कुंडल स्टेशनजवळ निवडुंगाने भरलेली ३२ एकर बरड जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ओतकामासाठी जुन्या तोफा दिल्या. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप अशी यादी वाढत गेली. १९४६ मध्ये पुढच्या पिढीने पुण्यात तेलावरच्या इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटरींचा कारखाना काढला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले, तेव्हा वऱ्हाडातल्या विहिरींवर मोटेची जागा इंजिने आणि मोटरी घेऊ लागल्या होत्या.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. मोटर आणि जनित्र ही मुळात एकाच जातीची यंत्रे आहेत. वीज दिली की फिरते ती मोटर, फिरवले की वीज देते ते जनित्र. मग विहिरीवरच्या मोटरीचे काम सायकल करील का? निरोगी माणूस तासभर दमाने पॅडल मारून साधारण ७५ वॅट ताकद देतो. पट्टा, जनित्र आणि बॅटरीतली गळती जाता हाती उरतात ५० वॅट. तीन अश्वशक्तीच्या पंपासाठी अशी पन्नासेक माणसे एकाच वेळी बसवावी लागतील. एक युनिट वीज करायला एका माणसाला २० तास लागतील. स्नायू खाल्लेल्या अन्नाचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा कामात उतरवतात, बाकीची उष्णता होते आणि घाम येतो. म्हणजे त्या एका युनिटासाठी नेहमीच्या जेवणावर ज्वारीच्या तीस-पस्तीस भाकरी जास्त लागतील. घरचे वीजबिल वाचवण्याचा हा मार्ग नव्हे.

पण ५० वॅट अगदीच टाकाऊ नाहीत. तेवढ्यात ९ वॅटचे पाच एलईडी दिवे लागतात. बॅटरीत साठवले तर तासाभराच्या पॅडलवर तीन-चार तास एक दिवा आणि एखादा मोबाइल निघतो. वादळाने तारा तुटल्या, दोन दिवस वीज आली नाही, तर ही सोय मोलाची ठरते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस पॅडल मारले तर १५० मिनिटांचा व्यायामही होतो आणि मधुमेह, रक्तदाबाला तो हवाच असतो. खोगीर इतके उंच ठेवा, की पाय खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकेल. हृदयविकार असेल, छातीत दुखत असेल किंवा थोड्या श्रमाने धाप लागत असेल तर आधी तपासणी करून घ्या. आणि ही वीज घराच्या मुख्य वायरिंगला कधीही जोडू नका. दिवे बॅटरीवर वेगळेच ठेवा.

पालकांनो, प्रयोगाच्या वायरी जोडताना तुमचा मुलगा लाल आणि हिरव्यात गोंधळला, तर त्याला धांदरट म्हणू नका. रंगाची तपासणी करून घ्या. पाच मिनिटे लागतात आणि सरकारी दवाखान्यात ती होते. रंगांधळ्या मुलाने वायरचा रंग पाहून हात घालायचा नसतो, टेस्टर लावूनच घालायचा, हे त्याला लहानपणीच कळले पाहिजे. रेल्वे इंजिन किंवा पोलीस भरतीच्या मागे चार वर्षे घालवल्यावर वैद्यकीय तपासणीत बाद झालेली मुले आमच्यासमोर येतात, तेव्हा त्यांना समजावणे फार जड जाते. हीच गोष्ट सातवी-आठवीत कळली, तर दुसरा रस्ता निवडायला वेळ मिळतो. लक्ष्मणरावांना ती अठराव्या वर्षाच्या आसपास कळली होती. त्यांच्यापुढे तेव्हा सबंध आयुष्य पडले होते.