कडेकडून येणारा अंधार

औरंगपुऱ्यातल्या एका दवाखान्यात, काळे पडदे ओढलेल्या खोलीत, दर सहा महिन्यांनी मी एका पांढऱ्या अर्धगोलासमोर हनुवटी टेकवून बसतो. एक डोळा झाकलेला, हातात बटण. नजर मधल्या खुणेवरून ढळू द्यायची नाही. आजूबाजूला कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचे. दहा मिनिटांनी यंत्रातून कागद बाहेर येतो. दिसते तो भाग पांढरा, दिसत नाही तो काळा. माझ्या डाव्या डोळ्याच्या कागदावर वरच्या अंगाला, नाकाकडे झुकलेली एक काळी कमान असते. तीस वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या खात्यांतल्या चुका शोधल्या. स्वतःच्या खात्यातली ही तूट मात्र मला कधी कळली नाही.

रोगाचे नाव काचबिंदू. मोतीबिंदूचा हा भाऊ नव्हे, हे आधी सांगायला हवे. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते बदलले की दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, बहुधा डोळ्यातल्या वाढलेल्या दाबामुळे, हळूहळू झिजते आणि झिजलेली नस पुन्हा उगवत नाही. गेले ते गेले.

माझ्या हातातल्या त्या कागदाचा उगम शोधत गेलो आणि पोहोचलो थेट बर्लिन शहरात, आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे नावाच्या माणसापाशी. नेत्रवैद्यांच्या जगात हे नाव फार मोठे आहे. आपल्या घरांत ते ठाऊक नाही. पण आपल्या घरांशी त्याचा संबंध आहे.

आल्ब्रेख्तचा जन्म 22 मे 1828 चा. वडील कार्ल फर्डिनांड हे बर्लिनमधले नामांकित शल्यवैद्य. कापलेले नाक पुन्हा घडवण्याच्या विद्येवर त्यांनी 1818 मध्ये ग्रंथ लिहिला. या विद्येचा एक धागा आपल्या पुण्याशी जुळतो. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला, पुण्याजवळच्या एका वीट घडवणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक करून दिले. त्याची हकीकत 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि युरोपातले शल्यवैद्य चकित झाले. ग्रेफे यांच्या ग्रंथात या भारतीय पद्धतीलाही स्थान मिळाले.

आल्ब्रेख्त बारा वर्षांचा असताना, 1840 मध्ये, हॅनोव्हरच्या आंधळ्या युवराजाच्या डोळ्यांवर उपचार करण्यासाठी वडिलांना बोलावणे आले. ते गेले आणि तिथेच अचानक वारले. दुसऱ्याला दृष्टी द्यायला गेलेला बाप परत आला नाही. या गोष्टीने मुलाच्या मनात काय घर केले असेल, याचा मी कादंबरीकार म्हणून पुष्कळ विचार केला. पण इथे कल्पनेला वाव द्यायचा नाही, असे ठरवले आहे.

मुलगा विलक्षण हुशार. एकोणिसाव्या वर्षी, 1847 मध्ये, त्याने वैद्यकाची पदवी घेतली. मग प्राग, पॅरिस, व्हिएन्ना, लंडन अशी गुरूंच्या शोधात भटकंती. परत येऊन 1851 च्या अखेरीस त्याने बर्लिनमध्ये डोळ्यांचा दवाखाना उघडला. तेव्हा त्याचे वय होते तेवीस. गरिबांकडून पैसे घ्यायचे नाहीत हा नियम. गर्दी अशी वाढली की काही वर्षांत देशोदेशीचे विद्यार्थी आणि रुग्ण त्या दाराशी येऊ लागले.

याच सुमारास हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा दाखवणारे उपकरण शोधून काढले. आजवर नेत्रवैद्य बंद घराच्या बाहेर उभा राहून आत काय बिघडले याचा तर्क करीत होता. आता त्याला खिडकी मिळाली. त्या खिडकीतून सर्वांत जास्त पाहिले ते ग्रेफेने. काचबिंदूच्या रुग्णांत नसेचे तोंड त्याला वेगळे दिसले आणि ते फुगून वर आले आहे, असे त्याने 1854 च्या सुमारास मानले. प्रत्यक्षात तिथे खळगा पडलेला होता. एकाच डोळ्याने पाहताना उंचवटा आणि खळगा यांत गफलत होते, तशी ती झाली. चूक ध्यानात येताच त्याने ती उघडपणे दुरुस्त केली. बँकेत आमच्याकडे अशी माणसे क्वचित भेटत.

दुसरे काम दिसायला साधे, पण माझ्या त्या कागदाचे मूळ तेच. तोवर दृष्टी म्हणजे समोरचे अक्षर वाचता येणे, असा समज होता. पण आपण नुसते समोर पाहत नाही. एका डोळ्याने सरळ बघत असतानाही कानाच्या बाजूला सुमारे 90 अंशांपर्यंत, नाकाच्या बाजूला सुमारे 60 अंशांपर्यंत आपल्याला जाणीव असते. रुग्णाची नजर मधल्या खुणेवर खिळवून, भोवती कुठे दिसते आणि कुठे नाही, याचा नकाशा ग्रेफे काढू लागला. यावरचे त्याचे लेखन 1856 चे. कोणत्या रोगात नकाशाचा कोणता कोपरा बुडतो, हे त्यामुळे कळू लागले. दृष्टीचे क्षेत्रफळ मोजण्याची रीत त्याने दवाखान्यात आणली.

आणि मग आले 1857. एका प्रकारच्या काचबिंदूत डोळा एकाएकी दगडासारखा घट्ट होतो, असह्य दुखतो, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि थोड्या दिवसांत माणूस आंधळा होतो. त्यावर तोवर इलाज नव्हता. दुसऱ्या काही कारणासाठी बुबुळाच्या रंगीत पडद्याचा छोटा तुकडा कापला, तर डोळा मऊ पडतो, हे ग्रेफेच्या लक्षात आले होते. त्याने तोच उपाय इथे केला. दाब उतरला, दुखणे थांबले, दृष्टी वाचली. त्या वर्षी ब्रुसेल्सला भरलेल्या नेत्रवैद्यांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एकोणतीस वर्षांच्या या डॉक्टरने ही हकीकत सांगितली.

पण त्याचे मोठेपण मला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. जो काचबिंदू दुखत नाही, लाल होत नाही, वर्षानुवर्षे गुपचूप कडा कुरतडत राहतो, त्याच्यावर आपली शस्त्रक्रिया तितकी चालत नाही, हे त्याने ओळखले आणि मांडले. यशाच्या शिखरावर असताना आपल्या उपायाची हद्द सांगणे सोपे नसते.

हा गुपचूप काचबिंदू आमच्या घरात राहून गेला आहे. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. साठीनंतर ते दाराच्या चौकटीला धडकू लागले. ताटाशेजारचे फुलपात्र त्यांच्या हाताने लवंडे आणि आई चिडे. गुलमंडीवर एकदा सायकलवाला अंगावर आला, तर दोष त्यांच्या वेंधळेपणाला. कारण सकाळचे वर्तमानपत्र ते बारीक जाहिरातींसकट वाचीत. इतके बारीक वाचणाऱ्याला दिसत नाही, असे कोण म्हणेल? मधली दृष्टी या रोगात शेवटपर्यंत टिकते आणि कडेची जाते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. त्यांनाही नव्हते. गेलेल्या जागी काळोख दिसत नाही. मेंदू ती जागा आजूबाजूच्या चित्राने भरून टाकतो. दादा नळीतून पाहावे तसे पाहत होते आणि आम्ही हसत होतो. नंतर ती नळीही बंद झाली.

एवढे पाहूनही मी शहाणा झालो नाही. पन्नाशीत तपासणीचा सल्ला मिळाला होता, तो मी निवृत्तीनंतर बघू म्हणून पुढे ढकलला. ही माझीच चूक.

ग्रेफेच्या आयुष्यातही एक आतून कुरतडणारा रोग होता. 1861 मध्ये तो छातीच्या विकाराने मोठा आजारी पडला. पुढे क्षयाने त्याला सोडले नाही. 1862 मध्ये त्याने डेन्मार्कच्या ॲना क्नुथशी लग्न केले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत सुधारणा केल्या, 1866 मध्ये प्राध्यापकपद मिळाले, 1868 मध्ये शारिटे या मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागाची सूत्रे हाती आली. प्रकृती ढासळत असतानाही काम चालू राहिले. 20 जुलै 1870 रोजी तो गेला. वय अवघे बेचाळीस. आदल्याच दिवशी फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले होते. दोन वर्षांनी ॲनाही गेली. बर्लिनमध्ये 1882 मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. हातात डोळा तपासायचे ते उपकरण आहे.

त्याला न जमलेले काम पुढच्यांनी हळूहळू पुढे नेले. दाब उतरवणारे थेंब 1870 च्या दशकात आले. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयातील रॉबर्ट हेन्री एलियट यांनी डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाला सूक्ष्म छिद्र पाडून पाण्याला वाट देण्याची शस्त्रक्रिया 1909 मध्ये रूढ केली. 1968 पासून तिची सुधारलेली रीत आली; लेसर आले, नवी औषधे आली. पण एक गोष्ट ग्रेफेच्या काळी होती तशीच आहे: गेलेला भाग परत आणता येत नाही, उरलेला राखता येतो. म्हणून सारा खेळ वेळेवर ओळखण्याचा. दाब साधारण 10 ते 21 च्या दरम्यान असला म्हणजे निश्चिंत, असेही नाही. दाब ठीक असताना नस झिजल्याची उदाहरणे आहेत. नस पाहावी लागते, क्षेत्र मोजावे लागते. चाळिशीनंतर सर्वांनी, आणि घरात कुणाला हा रोग असेल तर त्याच्या भावंडांनी व मुलांनी तर नक्कीच. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरला न विचारता घालत राहणाऱ्यांनीही.

माझ्या मागच्या दोन कागदांवरची कमान तेवढीच आहे. वाढलेली नाही. रात्री नऊ वाजता बायको थेंबांची बाटली समोर आणून ठेवते. मी आढेवेढे घेत नाही. गेल्या महिन्यात पुण्याहून लेक आली होती. तिला चाळिसावे लागले आहे. तिला घेऊन त्याच काळ्या पडद्यांच्या खोलीत गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. ती बाहेर आली आणि तिने कागद माझ्या हातात ठेवला. खिशातून चष्मा काढून मी तो कडेकडेने, चारही बाजूंनी पाहिला. पांढरा होता.