ब्रायटनचा चंपी-सर्जन

शाम्पूची बाटली आज घरोघरी न्हाणीघरात असते. पण हा शब्द आपल्याच देशातून विलायतेला गेला आणि वेश बदलून परत आला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हिंदीत चाँपना म्हणजे दाबणे. थकल्याभागल्या माणसाचे हातपाय आपण चेपून देतो ना, तेच. इंग्रजीत शिरल्यावर जवळजवळ शंभर वर्षे या शब्दाचा केस धुण्याशी संबंध नव्हता. शाम्पूइंग म्हणजे अंग मळणे, रगडणे, सांधे मोकळे करणे. ही विद्या इंग्लंडात ज्याने गाजवली, तो पाटण्याचा शेख दीन महंमद.

त्याचा जन्म १७५९चा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होते. पोरवयातच ते गेले आणि हा मुलगा कॅप्टन बेकर नावाच्या अधिकाऱ्याच्या आश्रयाने छावणीबरोबर हिंडू लागला. पुढे १७८४ साली तो बेकरबरोबरच आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी पोचला. तिथे जेन डेली या तरुणीशी त्याने १७८६ मध्ये लग्न केले. १७९४ साली आपल्या प्रवासांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि वाचकांकडून आगाऊ वर्गणी जमवून ते छापले. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक मानले जाते.

मी कादंबऱ्या लिहितो, पण त्याआधी उमेदीची सारी वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. त्यामुळे मला या पुस्तकापेक्षा त्याच्या दिवाळखोरीचे कुतूहल अधिक. लंडनला येऊन त्याने प्रथम बेसिल कॉक्रेन या धनिकाच्या बाष्पस्नानगृहात नोकरी केली. मग १८१० साली जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्थानी कॉफी हाउस थाटले. वेताच्या कोचांवर बसून हुक्का ओढावा, मसालेदार रस्सा-भात जेवावा, असा बेत. पण हिंदुस्थानातून परतलेल्या साहेबांच्या घरी तसे जेवण रांधणारे आचारी होतेच. १८१२ मध्ये दिवाळे वाजले. पुढच्या वर्षी या लेखकाने, या उपाहारगृहाच्या मालकाने, घरकामाची नोकरी हवी म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात दिली. वय चोपन्न, पदरी बायको-मुले. अशा माणसाचा कर्जाचा अर्ज कुठल्या बँकेने मंजूर केला असता?

तारण ठेवायला त्याच्यापाशी उरले होते फक्त दोन हात. ते घेऊन तो १८१४ साली ब्रायटनला गेला. समुद्रस्नानासाठी श्रीमंत मंडळी तिथे येत. महंमद त्यांना आधी औषधी वनस्पतींच्या वाफेत बसवी. मग रुग्णाभोवती फ्लॅनेलचा तंबू उभारला जाई. त्याला बाहेरून हात घालायला बाह्या शिवलेल्या असत. आतल्या माणसाला मालिश करणारा दिसत नसे, नुसते हात जाणवत. स्त्रियांचा विभाग जेन सांभाळी. बरे झालेले लोक आपल्या कुबड्या तिथेच ठेवून जात आणि त्या भिंतीवर टांगल्या जात. १८२१ मध्ये समुद्रकिनारी मोठी वास्तू उभी राहिली. राजे चौथे जॉर्ज आणि त्यांच्यामागून चौथे विल्यम यांचा तो शाम्पूइंग सर्जन झाला.

त्या हातांनी नेमके काय साधत असेल? मालिशीचे मुख्य प्रकार मोजकेच. तळहाताने लांब हलके चोळणे, कणकेसारखे मळणे, बोटाने एकाच जागी घासणे आणि थोपटणे. वाफेच्या उबेने आणि दाबाने आखडलेले स्नायू सैलावतात, त्वचेतले रक्ताभिसरण वाढते, दुखऱ्या भागाची ठणक काही काळ दबते. मनाचा ताण उतरतो, झोप लागते. पाठदुखी-मानदुखीला काही दिवस उतार पडतो. पक्षाघात किंवा दमा मात्र मालिशीने बरा होत नाही. ताप असताना, हाड नुकते मोडलेले असताना किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असताना तर अंग रगडूच नये.

महंमदाने मात्र १८२२ च्या आपल्या पुस्तकात संधिवातापासून पक्षाघातापर्यंत साऱ्यांवर इलाज सांगितला. एवढेच नव्हे, आपले जन्मवर्ष दहा वर्षे मागे नेले आणि आपण कंपनीचे सर्जन होतो असेही लिहिले. हा खोटेपणा होता, यात शंका नाही. अर्जदाराने फुगवलेली मिळकत मी लगेच ओळखायचो, पण ती का फुगवावी लागली, याचे उत्तर अर्जात कधी नसे. महंमदाच्या बाबतीत मला ते दिसते. परमुलखातल्या सावळ्या माणसाच्या हाताखाली उघडे अंग सोपवायला त्या समाजाला पदवी हवी होती. हाताचा गुण खरा होता, पण नुसत्या हातावर कोण विश्वास ठेवणार?

उतारही त्याने पाहिला. राणी व्हिक्टोरियाला ब्रायटन भावले नाही, राजाश्रय आटला. भांडवल पुरवणारा भागीदार १८४१ मध्ये वारला, वास्तू लिलावात गेली आणि ती परत घेण्याइतके पैसे या कुटुंबाजवळ नव्हते. लहानशा जागेत धंदा चालू राहिला. २४ फेब्रुवारी १८५१ रोजी तो निवर्तला.

त्याच्या मृत्यूच्या दोन वर्षे आधी जन्मलेला त्याचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद लंडनच्या गाइज रुग्णालयात खराखुरा डॉक्टर झाला. नाडीचा आलेख काढणारे यंत्र त्याने सुधारले आणि मूत्रपिंड धड असतानाही रक्तदाब वाढू शकतो, हे दाखवून दिले. १८८४ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, विषमज्वराने तो गेला. आजोबांना जी पदवी आपल्या नावापुढे स्वतःच लावून घ्यावी लागली, ती नातवाने परीक्षा देऊन मिळवली. आज दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला जातो, तेव्हा त्यामागच्या ज्ञानात या घराण्याचाही वाटा असतो. शिवाय घरी कुणी पाय चेपून दिले की जो जीव हलका होतो, त्याला पूर्वी कधी कुठल्या पदवीची गरज लागली नाही, आजही लागत नाही.