कोंड्याचा मांडा

कणीक चाळल्यावर चाळणीत उरलेला कोंडा माझी आई गाईच्या अंबोणात घालायची. कोंड्याचा मांडा करणं, हे शब्द तिच्या तोंडी नेहमी असत. ते शब्दशः खरे करणारा माणूस मला पुढे पुस्तकांत भेटला, आणि तोही जपानी. जोकिची ताकामिने.

ताकामिने यांचा जन्म १८५४ चा, ताकाओका गावातला. वडील वैद्य, तर आईच्या माहेरी साके ही तांदळाची दारू गाळण्याचा धंदा. साके करताना वाफवलेल्या तांदळावर एक बुरशी वाढवतात. तिच्यातल्या विकरांमुळे, म्हणजे एन्झाइममुळे, तांदळातल्या पिष्टाची साखर होते. पाश्चात्त्य देशांत हेच काम मोड आणलेल्या जवाकडून, म्हणजे माल्टकडून करून घेत. त्यात चांगलं धान्य खर्ची पडे. ग्लासगोला शिकून आलेल्या ताकामिने यांनी तीच बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवली.

१८९० मध्ये अमेरिकन पत्नी कॅरोलाइन आणि दोन लहान मुलांना घेऊन ते अमेरिकेत गेले. इलिनॉयमधल्या पिओरियाच्या व्हिस्कीवाल्यांना ही पद्धत हवी होती. माल्टवाल्यांना मात्र ती खुपत होती. त्यांच्या पोटावरच पाय येणार होता. १८९१ मध्ये कारखान्याला आग लागली. पाठोपाठ यकृताचं जीवघेणं दुखणं. पुढे तर व्हिस्कीवाल्यांचा तो बलाढ्य संघच मोडीत निघाला. माझी उमेद बँकेतल्या कर्जाच्या फायली वाचण्यात गेली. अशा अर्जावर मी काय शेरा मारला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

ताकामिने पुन्हा कोंड्याकडेच वळले. पिष्ट फोडणारं विकर व्हिस्कीला नको असेल, तर ते माणसाच्या पोटाला उपयोगी पडेल! १८९४ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. सूक्ष्मजीवापासून काढलेल्या विकराचं अमेरिकेतलं ते पहिलं पेटंट. डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीनं ते ‘ताका-डायास्टेज’ या नावानं पाचक औषध म्हणून बाजारात आणलं. पुढे सहायक उएनाका यांच्या साथीनं त्यांनी अ‍ॅड्रेनलिनही शुद्ध रूपात वेगळं केलं. १९१२ मध्ये वॉशिंग्टनला चेरीची जपानी झाडं आली, त्यामागेही त्यांचा हात होता. १९२२ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं निधन झालं.

आज धुण्याच्या पावडरीपासून पावापर्यंत बुरशीची आणि जिवाणूंची विकरं राबतात. कोंड्यावर ती वाढवण्याची रीतही टिकून आहे.

तारण म्हणून आम्ही इमारत पाहायचो, यंत्रं पाहायचो. तीच जळाली. आजोळच्या भट्टीवरून घेतलेलं ज्ञान कुठल्याच फायलीत नव्हतं, म्हणून का होईना, ते शाबूत राहिलं.