पिएरो तारुफी : वेग मोजणारा इंजिनिअर



या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी भरपूर येणार, हे ठाऊक आहे. म्हणून मी एका वेगळ्याच माणसाची गोष्ट लिहितेय. तो आपल्या शाळेचा नाही, आपल्या देशाचाही नाही, आणि त्याला जाऊन पस्तीस वर्षांहून जास्त काळ लोटलाय. पण आपल्या विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर लिहिलेलं एक सूत्र त्याने जन्मभर जिवावर घेऊन वापरलं. सूत्र तुम्हाला आठवत असेलच : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. गतिज ऊर्जा. परीक्षेत दोन मार्कांना यायचं आणि आपण दोन मार्कांपुरतंच पाठ करायचो.

त्या माणसाचं नाव पिएरो तारुफी. इटलीचा. शिक्षणाने इंजिनिअर. त्याने शर्यतीची वाहनं घडवली, ती स्वतः पळवली, आणि शेवटी दुसऱ्यांना चालवायला शिकवली. मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीममध्ये काम करते. चाक लॉक होऊ द्यायचं नाही, एवढंच आमच्या प्रोग्रॅमचं काम. त्या कामामुळे मी त्याच्या पुस्तकापर्यंत पोचले, आणि पुस्तकामुळे माणसापर्यंत.

तारुफीचा जन्म 12 ऑक्टोबर 1906 चा, रोमच्या परिसरातला. तरुणपणी त्याला मोटरसायकलचं वेड लागलं. नॉर्टनवर बसून 1932 साली त्याने 500 सीसी गटातलं युरोपियन विजेतेपद मिळवलं. त्याच सुमारास एन्झो फेरारीच्या संघातून तो मोटारीही चालवायला लागला. तेव्हा फेरारीचा संघ स्वतःच्या नव्हे, अल्फा रोमिओच्या गाड्या पळवत असे. या सगळ्या धावपळीत त्याने इंजिनिअरिंगचं शिक्षणही पुरं केलं. आपल्याकडच्या आईवडिलांना ऐकून बरं वाटेल!

1934 साली त्रिपोलीच्या शर्यतीत तो मासेरातीची सोळा सिलिंडरची राक्षसी गाडी चालवत होता. एका वळणावर ती हाताबाहेर गेली आणि रस्ता सोडून थेट एका जाहिरातीच्या फलकातून आरपार गेली. तारुफी जखमी झाला, पण वाचला. त्या काळात हेल्मेट म्हणजे कापडी टोपी आणि सीटबेल्ट नावाची वस्तूच नव्हती. त्यातून उठलेला माणूस एकतर शर्यत सोडतो, नाहीतर नशिबावर भरवसा टाकतो. तारुफीने तिसरा रस्ता धरला. तो मोजायला लागला.

पुढच्याच वर्षी त्याने 'रोन्दिने' नावाच्या मोटरसायकलवर काम केलं. रोन्दिने म्हणजे पाकोळी. चार सिलिंडर आडवे एका रांगेत, पाण्याने थंड होणारं इंजिन आणि हवा दाबून भरणारा सुपरचार्जर. आज रस्त्यावर दिसणाऱ्या चार सिलिंडरच्या मोटरसायकलींची ही पणजी म्हणायला हरकत नाही. इंजिनाचा आराखडा दुसऱ्या इंजिनिअरांचा होता. ते चालतं-पळतं करण्यात, तपासण्यात आणि शर्यतीत उतरवण्यात तारुफीचा मोठा वाटा. पुढे जिलेरा कंपनीने तो प्रकल्प विकत घेतला आणि त्याच्याबरोबर तारुफीही तिकडे गेला. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये, बाहेरून पूर्ण आवरण घातलेल्या जिलेरावर बसून त्याने ताशी 274.181 किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. पाचशे सीसी, दोन चाकं आणि वर्ष 1937!

यात ताकदीइतकंच महत्त्व आकाराला होतं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्याला पुरून उरायला लागणारी इंजिनाची ताकद घनाने. वेग दुप्पट हवा असेल तर ताकद आठपट लागते. मग इंजिन आठपट करण्यापेक्षा हवेत घुसणारं अंग लहान आणि गुळगुळीत करणं शहाणपणाचं. हा विचार तारुफीने महायुद्धानंतर टोकाला नेला. 1948 साली त्याने 'तार्फ' नावाचं अजब वाहन तयार केलं. दोन लांबट पाणतीर शेजारी शेजारी ठेवावेत आणि आडव्या पुलाने जोडावेत, तसं ते दिसायचं. प्रत्येक पाणतीराच्या पोटात पुढे एक, मागे एक अशी दोन चाकं. एका पाणतीरात इंजिन, दुसऱ्यात चालक. आत गोल स्टिअरिंगला जागाच नव्हती, म्हणून वळवायला दोन्ही हातांशी दांडे. इटलीत याला 'बिसिलुरो', म्हणजे जोड-पाणतीर, म्हणत. मोठ्या इंजिनाच्या दुसऱ्या तार्फमध्ये बसून 1951 साली तो ताशी जवळपास 300 किलोमीटरपर्यंत पोचला. जे डोक्यात आलं ते कागदावर, कागदावरचं वर्कशॉपमध्ये, आणि वर्कशॉपमधून बाहेर आलेल्या वस्तूत पहिल्यांदा बसणारा माणूस तोच. आमच्या क्षेत्रात स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम स्वतःच तपासू नये म्हणतात. त्याची तपासणी वेगळ्या जातीची होती.

आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. गुडघे, चष्मा, शुगर हे विषय ग्रुपवर सुरू झालेत. म्हणून हे मुद्दाम सांगते : तारुफीची मोठी वर्षं याच वयात सुरू झाली. 1951 च्या नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोतली 'कारेरा पानामेरिकाना' ही दक्षिणेपासून उत्तर सीमेपर्यंतची, सुमारे 3,100 किलोमीटरची शर्यत त्याने लुईजी चिनेत्तीबरोबर फेरारीतून जिंकली. केस अकालीच पांढरे झालेले, म्हणून लोक त्याला चंदेरी कोल्हा म्हणायला लागले. 1952 च्या मे महिन्यात बेर्नजवळच्या ब्रेमगार्टेन मार्गावर त्याने स्विस ग्रां प्री जिंकली. वय वर्षं 45. त्या मोसमात जगज्जेतेपदाच्या यादीत तो तिसरा आला. 1954 ला सिसिलीच्या डोंगरातली 'तार्गा फ्लोरिओ' लान्चियातून जिंकली. 1955 ला मोन्झाच्या इटालियन ग्रां प्रीत मर्सिडीज चालवत फांजिओच्या मागे दुसरा आला. आणि या सगळ्याच्या जोडीला काही वर्षं तो जिलेराच्या मोटरसायकल संघाचा व्यवस्थापकही होता.

एक शर्यत मात्र त्याला सतत हुलकावणी देत होती : 'मिल्ले मिलिया'. म्हणजे हजार मैल. ब्रेशियाहून निघायचं, इटलीच्या पूर्व किनाऱ्याकडून रोमला जायचं आणि डोंगर ओलांडून परत ब्रेशियाला यायचं. सुमारे 1,600 किलोमीटर, एका दमात. आणि हे कुंपण घातलेल्या ट्रॅकवर नव्हे. रोजच्या रस्त्यांवरून, गावांच्या चौकांतून, दुतर्फा उभ्या लाखो माणसांच्या मधून. पालखी बघायला आपल्याकडे लोक रस्त्याच्या कडेला दाटीवाटीने उभे राहतात ना, तशी गर्दी. फक्त मधून जाणारी वस्तू ताशी दोनशेच्या पुढे. तारुफी 1930 च्या दशकापासून या शर्यतीत उतरत होता. दर वेळी काहीतरी मोडायचं आणि पहिला नंबर हुकायचा. जिंकलो की शर्यती सोडेन, असं त्याने पत्नी इझाबेलाला कबूल केलं होतं.

12 मे 1957. तारुफी पन्नास वर्षांचा. त्याच्या फेरारीवर आकडा होता 535. या शर्यतीत गाडीचा आकडा म्हणजे तिची सुटण्याची वेळ : पहाटे 5 वाजून 35 मिनिटं. गाड्या मिनिटामिनिटाच्या अंतराने सुटत, त्यामुळे रस्त्यावर पुढे कोण आहे यापेक्षा घड्याळात पुढे कोण आहे हे महत्त्वाचं. परतीच्या वाटेवर बोलोन्यापर्यंत त्याच्या गाडीच्या ट्रान्समिशनमधून नको ते आवाज यायला लागले होते. सोडून द्यावं असं त्याच्या मनात होतं. पण आघाडीवरच्या पीटर कॉलिन्सची गाडीही आजारी असल्याचं एन्झो फेरारीने तिथे त्याला सांगितलं, आणि तो पुढे निघाला. पार्माच्या आसपास कॉलिन्स थांबला. तारुफीने आपली गाडी आजाऱ्याला न्यावं तशी सांभाळत नेली. झटके नाहीत, उगाच दाबलेला ॲक्सिलरेटर नाही. वोल्फगांग फोन ट्रिप्स हा त्याचाच तरुण सहकारी 5:32 ला सुटला होता. दोघं जवळपास बरोबरच ब्रेशियात पोचले, म्हणजे घड्याळात तारुफी तीन मिनिटांनी पुढे. 10 तास, 27 मिनिटं, 47 सेकंद. मिल्ले मिलिया अखेर त्याची झाली.

त्याच दुपारी, ब्रेशिया थोडंच राहिलं असताना, ग्विदित्सोलो गावाजवळच्या सरळ रस्त्यावर फेरारीचीच दुसरी गाडी टायर फुटून गर्दीत शिरली. चालक आल्फोन्सो दे पोर्तागो आणि त्याचा साथीदार एडमंड नेल्सन जागीच गेले. रस्त्याच्या कडेला उभी नऊ माणसं गेली. त्यांतली पाच मुलं होती.

इथे थोडं गणित करूया. ताशी 240 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 67 मीटर. माणसाला धोका दिसून पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी आपल्या शाळेच्या मैदानाचा बराचसा भाग पार करून गेलेली असते. आणि साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीपेक्षा तिच्यात ऊर्जा चौपट नाही, सोळापट असते. टायर फुटल्यावर ती ऊर्जा कुठेतरी जाणारच. ती कुठे जाईल हे चालकाच्या कौशल्यावर ठरत नाही. रस्त्याच्या कडेला काय आहे, यावर ठरतं.

तारुफीने शब्द पाळला. शर्यती सोडल्या. पण तो घरी बसून करंडक पुसत राहिला नाही. त्याच वर्षी एका अमेरिकन साप्ताहिकात त्याने लेख लिहिला आणि खुल्या रस्त्यांवरच्या अशा शर्यती थांबवा, असं स्पष्ट सांगितलं. लक्षात घ्या, हे सांगणारा हरलेला माणूस नव्हता. ज्या शर्यतीमागे आयुष्यातली इतकी वर्षं घालवली ती जिंकून सहा-सात महिनेही झाले नव्हते. त्याचे चाहते, कारखाने, शहरं, सगळ्यांना मिल्ले मिलिया हवी होती. पण चालक स्वतःचा धोका मोजून पत्करतो. कडेला उभ्या मुलाने काहीच मोजलेलं नसतं. हा फरक त्याच्याइतक्या अधिकाराने सांगू शकणारा दुसरा कुणी नव्हता. इटलीच्या सरकारने रस्त्यावरच्या वेगाच्या शर्यतींवर बंदी आणली आणि जुनी मिल्ले मिलिया तिथेच संपली. शेवटचा विजेता पिएरो तारुफी.

मग त्याने शिकवायला घेतलं. 1950 च्या दशकाच्या अखेरीला त्याचं शर्यतीच्या तंत्रावरचं पुस्तक आलं, आणि इंग्रजीतून ते जगभर गेलं. मी वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे तर आपलं यंत्रशास्त्राचं क्रमिक पुस्तक! वळणांच्या आकृत्या, त्रिज्या, बाण, कोष्टकं. वळणावर टायरची पकड तेवढीच असेल तर वेग त्रिज्येच्या वर्गमुळाने वाढतो. म्हणजे रस्त्याची पूर्ण रुंदी वापरून तुम्ही त्रिज्या 44 टक्क्यांनी वाढवलीत, तर वेग 20 टक्क्यांनी वाढतो, आणि त्यासाठी अंगात कुठलंही वेगळं धाडस लागत नाही. त्याच्या आधी हे सगळं चालकांच्या हातात होतं. कागदावर फारसं नव्हतं. चांगला चालक जन्माला यावा लागतो, अशी समजूत होती. तारुफीने वळण मोजून मांडलं, आणि जे मोजता येतं ते शिकवता येतं.

म्हणूनच हा माणूस मला शिक्षक वाटतो. तो शिष्यांना धीट करत नव्हता. मर्यादा कुठे आहे ते दाखवत होता. आपल्या बाईही तेच करायच्या. सूत्र पाठ आहे का, यापेक्षा ते कुठे लागू पडत नाही ते सांगा, असं विचारायच्या, आणि आपण सगळे एकदम वहीत डोकं घालायचो.

12 जानेवारी 1988 ला तारुफी रोममध्ये वारला, 81 वर्षांचा होऊन. त्याच्या पिढीतल्या शर्यतवाल्यांत अंथरुणावर मरण येणं हाच एक विक्रम होता. त्याची मुलगी प्रिस्का पुढे रॅलीच्या गाड्या चालवायला लागली. रोमच्या उत्तरेला वल्लेलुंगा इथे जो बंदिस्त ट्रॅक आहे, त्याला आता तारुफीचं नाव आहे. मिल्ले मिलियाही 1977 पासून वेगळ्या रूपात परत आली. त्या काळातल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या दरवर्षी ब्रेशियाहून रोमला जाऊन येतात, पण आता सर्वांत वेगवान गाडी जिंकत नाही. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत, सेकंदाच्या हिशेबाने जो बरोबर कापतो तो जिंकतो.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं आता लायसन्सच्या वयाची झाली आहेत. माझी मुलगी पुढच्या वर्षी होईल. त्यांना सावकाश चालव म्हणून सांगून उपयोग नसतो, आपण तरी कुठे ऐकलं होतं? त्यापेक्षा एका रिकाम्या रस्त्यावर न्या. चाळीसच्या वेगाने ब्रेक लावून गाडी किती अंतरात थांबते ते त्यांना पावलांनी मोजू द्या. मग ऐंशीला ते किती होईल, ते गाडी न चालवता, वहीवर काढायला सांगा. उत्तर दुप्पट आलं, तर अजून चावी देऊ नका.